रस्सा झोंबला की पाणी नको, दही-काकडी घ्या

तिखट रस्सा झोंबला की हात आधी पाण्याच्या गिलासाकडे जातो. गिलास रिकामा होतो, आग मात्र तशीच राहते. उलट जिभेवरून टाळूला, टाळूवरून घशाला पसरल्यासारखी वाटते. मग पंगतीतलं कोणीतरी जाणतं माणूस म्हणतं, "पाणी नोको पिऊ बाप्पा, दही घे." सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. तो का बरोबर आहे हे कळलं की दही-काकडीची कोशिंबीर पानात पडेपर्यंत पातळ का होते आणि मे महिन्यात ती आंबू न देता कशी टिकवायची, हेही आपोआप कळत जातं. कारण प्रत्येक ठिकाणी भानगड पाण्याचीच आहे.

आधी तिखटाचं बघू. मिरचीतल्या झोंबणाऱ्या पदार्थाचं नाव कॅप्सेसिन. लोक बियांना दोष देतात, पण कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. म्हणून हिरवी मिरची उभी चिरून तो गाभा खरवडून टाकला की चांगली जहाल मिरचीही बरीच नरम पडते. हे कॅप्सेसिन तेलात झटकन विरघळतं, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

आता आपल्याकडचा रस्सा डोळ्यांसमोर आणा. नागपूरच्या कोष्टी समाजाच्या घरांतून आलेला सावजी रस्सा असो, पाटोडीचा असो की रोडग्यांबरोबरची वांग्याची भाजी असो, वर बोटभर लाल तेल तरंगत असतं. तीच तर्री. भिवापुरी मिरचीचं तिखट गरम तेलात पडलं की तिचा रंग आणि तिचं झोंबणं दोन्ही तेलात उतरतात आणि तेलासोबत वर येऊन बसतात. पळी खोल घालून तळचा रस्सा घेतला तर तो वरच्यापेक्षा सौम्य लागतो, याचं कारण हेच. नव्या पाहुण्याला वाढताना शहाणा वाढपी तर्री बाजूला सारून वाढतो आणि गावातल्या दोस्ताला मुद्दाम वरची देतो. रसायनशास्त्र त्यानं शिकलेलं नसतं.

तर्रीचा घास गिळला तरी तेलाचा पातळ थर जिभेवर राहतो आणि त्यात कॅप्सेसिन असतं. त्यावर पाणी पिणं म्हणजे तेलकट ताटावर राखेशिवाय नुसतं पाणी ओतणं. पाणी वाहून जातं, ओशटपणा तिथंच राहतो. थंडगार पाणी तोंडात असेपर्यंत बरं वाटतं हे खरं, कारण गारव्यानं जळजळ तेवढ्यापुरती दबते. गिळलं की पुन्हा सुरू.

जळजळ म्हणजे तरी काय? जीभ खरोखर भाजत नसते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे प्रथिनांचे दरवाजे असतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर काही लागलं की ते उघडतात आणि मेंदूला 'भाजतंय' असा निरोप जातो. कॅप्सेसिन याच दरवाजाला जाऊन चिकटतं आणि तो उघडतं. निरोप तोच जातो, मग मेंदू घाम आणतो, नाक-डोळे वाहायला लावतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये मिरचीच्या याच पदार्थाचा धागा धरून हा दरवाजा शोधून काढला. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि अर्डेम पॅटापूटियन यांना मिळालं ते अशाच संवेदनांच्या कामासाठी. पक्ष्यांच्या शरीरातला हा दरवाजा थोडा निराळा असतो आणि कॅप्सेसिननं उघडत नाही. म्हणूनच मिरचीच्या वाडीतले राघू लालबुंद मिरच्या खुशाल फोडून खातात.

यावर जे दोन उपाय निघतात ते असे: कॅप्सेसिन जिभेवरून उचलून न्यायचं किंवा तेवढा वेळ जिभेचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. दही पहिलं काम करतं. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. केसीनच्या अंगाचा काही भाग पाण्याला दूर ठेवणारा आणि तेलकट पदार्थांना जवळ करणारा असतो, त्यामुळे कॅप्सेसिन त्याला चिकटतं आणि त्याच्यासोबत पोटात जातं. दह्यातली साय, म्हणजे स्निग्धांश, थोडी मदत करते. पण मुख्य कामगार केसीनच दिसतो, कारण साय काढलेलं दूधही तिखटावर चांगलंच चालतं. साखर दुसऱ्या बाजूनं येते. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा तिखटपणा मोजायची पद्धत काढली, तेव्हा मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यातच पातळ करत नेला होता. आपल्या कोशिंबिरीतली चिमूटभर साखरही नुसती चवीपुरती नसते. पुदिना घातला तर त्यातलं मेंथॉल गारवा ओळखणाऱ्या दुसऱ्या दरवाजाला चिकटतं. मिरचीची आग खोटी, तसा पुदिन्याचा गारवाही खोटाच. पण जिभेला खऱ्या-खोट्यातला फरक कळत नाही, आणि आपलं काम होतं.

इथं कोणी तरी विचारणारच, की दही थंड की गरम? वैद्य दह्याला उष्ण मानतात आणि रात्री दही खाऊ नये असं चरकसंहितेत सांगितलंय. तो प्रश्न पचनाचा आहे. आपण बोलतोय ते जिभेवरच्या आगीबद्दल. दोन्ही गोष्टींची गल्लत करून पंगतीत वाद घालू नये, रस्सा निवतो.

आता दही. कोशिंबीर बिघडते ती बहुतेक वेळा आदल्या रात्रीच, विरजण लावताना.

दूध नुसतं तापवून चालत नाही. उकळी आल्यावर आच मंद करून, ढवळत, आणखी आठ-दहा मिनिटं ठेवायचं. दुधात केसीनखेरीज निवळीची, म्हणजे दह्यातून सुटणाऱ्या पाण्यातली, प्रथिनं असतात. या उष्णतेनं ती उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. पुढे दही लागताना जी जाळी विणली जाते ती त्यामुळे घट्ट होते आणि पाणी धरून ठेवते. कमी तापवलेल्या दुधाचं दही लागतं, पण चमचा घातला की खड्ड्यात लगेच हिरवट पाणी जमतं.

मग दूध कोमट होऊ द्यायचं, ४० ते ४५ अंशांच्या मध्ये. थर्मामीटर कोणाकडे असतो! स्वच्छ करंगळी बुडवून दहा आकडे सहज मोजता आले की झालं. चटका बसला तर थांबा, नाहीतर विरजणातले जिवाणू मरतील. हे जिवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दूध आंबट होत होत एका टप्प्याला येतं, सामूच्या (पीएचच्या) मापात ४.६ च्या आसपास, तेव्हा केसीनचे कण एकमेकांना दूर ढकलणं सोडतात आणि जुळून येतात. त्यालाच आपण दही लागणं म्हणतो. पण जिवाणू तिथं थांबत नाहीत. खायला साखर आहे आणि ऊब आहे तोवर आम्ल बनत राहतं, दही आंबट होत जातं, जाळी आवळते आणि पाणी बाहेर पडतं.

विदर्भात हा खेळ ऋतूप्रमाणे पार उलटा होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, रात्रीही घरात ३० च्या खाली उतरत नाही. रात्री दहाला विरजलेलं दही पहाटे तीनलाच लागलेलं असतं आणि सकाळी आठला पानात वाढायला घ्यावं तर तोंड वाकडं होतं. म्हणून उन्हाळ्यात लिटरभर दुधाला चहाचा अर्धा चमचा विरजण पुरतं, आणि दुपारच्या जेवणासाठी दही हवं असेल तर पहाटे उठल्यावर विरजावं. जानेवारीत थंडी दहा अंशांच्या खाली जाते तेव्हा दोन चमचे विरजण घालून भांडं घोंगडीत गुंडाळायचं किंवा विझलेल्या चुलीच्या उबेला ठेवायचं. ज्वारीच्या कोठीत भांडं पुरून ठेवणाऱ्या आज्या अजून आहेत. धान्य ऊब धरतं, त्यांचं चुकत नाही.

दूध गाईचं की म्हशीचं? पूर्णाकाठच्या भुऱ्या पूर्णाथडी म्हशीचं किंवा नागपुरी म्हशीचं दूध असेल तर प्रश्नच नाही, स्निग्धांश आणि प्रथिनं दोन्ही जास्त, दही सुरीनं कापावं असं लागतं. वर्धेकडच्या गवळाऊ गाईच्या दुधाचं दही मऊ आणि पातळसर होतं; ते तासभर सुती फडक्यात टांगावं. मातीच्या मडक्यात लावलं तर हे टांगणं आपोआप होतं, कारण मडक्याच्या छिद्रांतून निवळी झिरपते. एक सांभाळावं, पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर दही त्यात ठेवू नये. आम्लानं तांबं आणि जस्त सुटतं, दही कळकतं आणि पोट बिघडवतं. कल्हईवाले आता गावात फिरताना दिसत नाहीत, तेव्हा स्टील किंवा माती बरी.

आता काकडी. तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणी असतं. म्हणजे शंभर ग्रॅम काकडी आणली तर खरी काकडी पाच ग्रॅम. हे पाणी पेशींच्या आत कोंडलेलं असतं, म्हणून काकडी कडक लागते. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत लावलेल्या डांगरवाड्यांतली काकडी कोवळी आणि रसरशीत असते, तिचं बी काढावं लागत नाही. पावसाळ्यानंतर पऱ्हाटीत (कपाशीत) नाहीतर ज्वारीत सोडलेल्या वेलांची वाळकं येतात. वाळूक खरं तर खरबुजाच्या गोतावळ्यातलं, पण कोशिंबिरीला झकास: गर थोडा आंबूस, पाणी बेताचं. जून वाळकाचा मधला बियांचा गिजगा मात्र चमच्यानं काढून टाकायचा, सगळ्यात जास्त पाणी त्यातूनच सुटतं.

कडू काकडीचं प्रकरण हलकं घेऊ नका. कडवटपणा येतो तो कुकुर्बिटासिन नावाच्या पदार्थांमुळे. वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन जास्त झालं की वेल ते जास्त बनवतो, आणि ते देठाकडे आणि सालीखाली अधिक साठतं. देठाचं टोक कापून गोल गोल घासायचं, पांढरा फेस काढायचा, असं सगळ्याच घरांत करतात. माझ्या मते उपयोग घासण्याचा नाही, कापून टाकलेल्या टोकाचा आहे. एक ऐवजी दोन बोटं कापा आणि देठाकडून साल जाड काढा. मग मधली चकती चाखायचीच. थोडीही कडू लागली तर दुसरी काकडी घ्या, आणि फार कडू असेल तर मीठ-साखर लावून खपवायचा प्रयत्न करू नका. याच जातीच्या पदार्थामुळे कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत.

आता खरी मेख, मिठाची. चिरलेल्या काकडीवर मीठ पडलं की पेशींच्या बाहेर खारट पाणी तयार होतं. पेशींचं आवरण पाण्याला जाऊ देतं, मिठाला सहज आत येऊ देत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचा खारेपणा सारखा करायला आतलं पाणी बाहेर धावतं. हे घडणारच, ते टाळता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की ते दह्यात घडू द्यायचं की दह्याच्या आधी. काकडी, दही, मीठ सगळं एकदम कालवून ठेवलं तर अर्ध्या तासात कोशिंबिरीचं ताक होतं. पंगतीचा आचारी पोराला ओरडतो, "मीठ आत्ता नोको टाकू रे, पानं मांडली की टाकजो," ते याचसाठी. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, दहा किलो काकडीला पिळत बसणं कोणाला जमणार? तिथं शेवटच्या क्षणी मीठ घालणं हाच उपाय. घरी मात्र दुसरा मार्ग चांगला.

चार-पाच माणसांसाठी अर्धा किलो काकडी घ्या. किसू नका, किसल्यानं पेशी फाटतात आणि लगदा होतो. सुरीनं किंवा विळीवर बारीक चोचवा. चोचवणं म्हणजे काकडी हातात धरून उभ्या-आडव्या खाचा मारत वरून पातळ छाटत जाणं. तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे पडतात आणि दाताखाली कुरकुरतात. त्यावर चहाचा सपाट चमचाभर मीठ लावून कोपरात, म्हणजे पसरट परातीत, पसरून तिरकं ठेवा. वीस मिनिटांनी खालच्या बाजूला पाण्याचं डबकं दिसेल. मग मूठ मूठ घेऊन दाबा. जीव काढल्यासारखं पिळायचं नाही, मूठ आवळून सोडायची. अर्धी वाटी पाणी सहज निघतं. निम्म्याहून जास्त मीठही त्याच्यासोबत जातं, म्हणून पुढे मीठ घालायच्या आधी चाखा.

दही दीड वाटी. रवीनं घुसळू नका, जाळी मोडून निवळी सुटते. काट्या-चमच्यानं दहा-बारा वेळा फिरवलं की गुठळ्या जातात, बास. त्यात काकडी, चिमूटभर साखर, मूठभर चिरलेला सांबार आणि हवा असल्यास पुदिना. पुण्याकडचे वाचक सांबार म्हणजे कोथिंबीर समजून घ्या, नाहीतर इडलीसोबतचं आमटीसारखं काहीतरी ओताल.

आणि कूट. दाण्याचा कूट घालायची आपली रीत दोन अर्थांनी शहाणपणाची आहे. तो सुटलेलं पाणी पितो, आणि शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असल्यानं कॅप्सेसिन उचलायला आणखी एक गडी मिळतो. पण विदर्भात याहून भारी वस्तू आहे, जवस. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून कुटलेला जवस दोन चमचे टाकून बघा. जवसाच्या सालीत चिकट द्रव्य असतं, ते पाणी शोषून फुगतं आणि दह्याला धरून ठेवतं. कोशिंबीर तासाभरानंतरही पानात पळत नाही. रंग जरा मळकट होतो, पाहुण्यांसमोर ठेवायला काहींना संकोच वाटतो. चवीपुढे तो संकोच मला पटत नाही.

फोडणी हवीच असं नाही. द्यायची तर चमचाभर तेलात जिरं आणि हिंग, आणि ती कोमट झाल्यावरच ओतायची. जिऱ्या-हिंगाचा वास तेलात उतरतो, तोच हवा आहे. उकळतं तेल दह्यावर ओतलं तर तिथलं दही फाटतं. हिरव्या मिरचीचे तुकडे मात्र यात घालू नयेत. आग विझवायला बोलावलेल्यालाच काडी कशाला द्यायची?

राहिला प्रश्न टिकवण्याचा. भारनियमनात फ्रिज बंद आणि जेवायला अजून दीड तास, तर कोशिंबिरीचं भांडं परातीत ठेवा, परातीत दोन बोटं पाणी घाला, भांड्याभोवती ओलं सुती फडकं असं गुंडाळा की त्याची टोकं पाण्यात बुडतील. वाऱ्याच्या दिशेला, सावलीत ठेवा. पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते; ती भांड्याकडून घेतली जाते. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे फडकं झपाट्यानं वाळतं आणि भांडं झपाट्यानं गार होतं. माठ आणि कूलर याच हिशोबानं चालतात. कोकणात हा प्रयोग करू नका, तिथल्या दमट हवेत फडकं ओलंच राहील. एकदा मृग बरसला की आपल्याकडेही तो कामातून जातो.

तरीही दही आणि चिरलेली काकडी उन्हाळ्यात बाहेर दोन तासांवर ठेवू नये. उरलीच तर फ्रिजमध्ये टाका आणि सकाळी ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तिखट, ओवा घालून तीच कोशिंबीर त्यात मळा. थालीपिठं खरपूस होतात, वेगळं पाणी लागत नाही. पिळून काढलेलं काकडीचं खारट पाणीही मोरीत ओतू नका. वरणात चालतं, फक्त वरणाचं मीठ तेवढं कमी करा.